सरवदेकाकांचा निळा

मधुकर सरवदे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात हे चालेल का, असे मी संपादक मंडळींना आधीच विचारून घेतले. खरे असेल तर चालेल, असे उत्तर आले. सरवदेकाकांच्या बाबतीत खऱ्याखेरीज काही लिहिण्याची सोयच नाही. ते हा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार आणि चुकलेल्या ठिकाणी समासात पेन्सिलने खूण करणार, हे आपल्या चाकूप्रेमी मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. माझे वडील वारले, त्यानंतर त्यांच्या कपाटात एक घडीचा चाकू निघाला. ते गिरणीत होते तेव्हापासून तो त्यांच्या खिशात असे. सुपारी, पेन्सिल, आंबा, पार्सलची सुतळी, सगळ्यांना तो एकच. पण त्याची कमान लुळी पडली होती. पाते उघडले की लोंबायचे आणि मिटले की आपोआप उघडायचे. घाटकोपरमध्ये मी तो चार ठिकाणी दाखवला. चौघांनीही सांगितले, बाई, टाकून द्या, नवीन घ्या. पाचवा एक घड्याळजी होता. त्याने पाते दोनदा उघडून मिटले आणि म्हणाला, मुलुंडला एक गृहस्थ ह्याच्या कमानी करतात, त्यांच्याकडे जा, फक्त रविवारी सकाळी जाऊ नका. मला सुट्टी रविवारीच असते, म्हणून मी रविवारी सकाळी गेले.

औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रांगेत त्यांचा गाळा. जवळ गेले तर भज्यांचा खमंग वास. शटर अर्धे खाली, आत ट्यूबलाइट बंद, आणि उत्तरेच्या खिडकीपाशी एक शिडशिडीत गृहस्थ स्टुलावर बसून लोखंडी तव्यातल्या वाळूकडे पाहत होते. मी वाकून आत शिरले. त्यांनी मानसुद्धा न वळवता सांगितले, "बाई, ओढणी बाहेर ठेवा."

मी भडकले. ओळख ना पाळख, नमस्कार नाही, आणि थेट ओढणी बाहेर ठेवा? मी चांगल्या चढ्या आवाजात कारण विचारले. त्यांनी नुसता हात वर केला. त्या हातात असे काही होते की मी गप्प बसले आणि ओढणी खरोखरच शटरच्या हुकाला अडकवून आले. मिनिटभराने त्यांनी वाळूतून एक लहानशी पट्टी सांडशीने उचलली, बाजूला ठेवली, आणि मग हसून माझ्याकडे वळले. म्हणाले, तुमच्या ओढणीचा लाल रंग माझ्या पोलादात दिसत होता. नमस्कार. आता बोला.

मला हसू आले, कारण हेच मी रोज करते. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि टोप्या बनवते. नव्या टोपीचा रंग शेजारच्या दाताशी जुळवायचा असला की डॉक्टर पेशंटला आमच्याकडे धाडतात, आणि मी आधी त्या बाईंना लिपस्टिक पुसायला लावते. बायका माझ्यावरही भडकतात. रंग बघणाऱ्या माणसाला आजूबाजूचा रंग किती त्रास देतो, हे मला माहीत होते. ते लोखंडावर काम करणाऱ्यालाही माहीत असेल, असे मात्र कधी वाटले नव्हते. त्या दिवशी मी वडिलांचा चाकू ठेवून आले आणि पुढच्या रविवारी तो घ्यायला म्हणून गेले, ती आजतागायत दर रविवारी जातेच आहे.

चाकू म्हटले की लोकांच्या भुवया वर जातात. म्हणून ज्यांनी घडीचा चाकू कधी खोलून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मुठीच्या पाठीत बोटाएवढी एक पोलादी पट्टी असते, तीच कमान. पात्याचे बूड तिच्यावर दाबून बसते. पाते उघडताना कमान किंचित उचलली जाते आणि पाते पुरते उघडले की खट् करून जागेवर येते. त्या दाबामुळेच पाते उघडे राहते आणि मिटलेलेही राहते. कमान फार कडक राहिली तर एक दिवस काडकन तुटते. मऊ झाली तर वाकते ती वाकलेलीच राहते. ह्या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद आहे.

ती गाठायची कशी, हे पाहायला मी पहिले दोन महिने नुसती बसत होते. आधी पट्टी लाल होईपर्यंत तापवायची, इतकी की लोहचुंबक तिला चिकटेनासा होतो. मग ती कोमट शेंगदाणा तेलात बुडवायची. भज्यांचा वास तो हा. शेजारच्या गाळ्यातले लोक अजूनही अधूनमधून डोकावून काय तळताय म्हणून विचारतात. तेलातून निघालेली पट्टी इतकी कडक असते की तिच्यावरून कानस नुसती घसरते. मग तिला पॉलिश पेपरने घासून लख्ख करायची आणि गरम वाळूवर ठेवायची. थोड्या वेळाने तिच्यावर रंग चढू लागतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि मग निळा. निळा आला की उचलायची. जरा आधी उचलली तर ती कडकच राहते, जरा उशीर झाला तर निळा फिका पडतो आणि कमान मऊ होते. लोखंडाच्या आत काय चालले आहे ते बाहेरच्या रंगावरून कळते, ह्याचे मला आजही नवल वाटते.

काकांचे वडील सोलापूरकडून मुंबईत आले. काका स्वतः पंचवीसएक वर्षे एका कारखान्यात ट्रकच्या कमानी तापवण्याच्या खात्यात होते. तिथल्या भट्टीवरच्या उस्तादांनी त्यांना रंग शिकवला. कारखाना बंद पडल्यावर कोणी रिक्षा घेतली, कोणी दुकान टाकले. काकांनी हा गाळा घेतला आणि माणसाच्या उंचीच्या कमानी सोडून तळहातात मावणाऱ्या कमानी सुरू केल्या. भट्टीच्या वर भिंतीला एक लहानसा निळा झेंडा कायमचा लावलेला असतो. निळ्याशी आमच्या घराचं जुनं आहे, मला निळा कोणी शिकवायला नको, असे ते गमतीने म्हणतात.

गाळ्याचे नियम तीन. काम सकाळी दहा ते बारा ह्या वेळातच, कारण तेव्हा खिडकीतला उजेड स्थिर असतो. भडक कपडे नकोत. आणि रंग चढताना कोणी बोलायचे नाही. पहिले दोन मला जमले. तिसऱ्याने माझी वाट लावली. मला प्रश्न फार पडतात आणि पडला की तो तोंडातून बाहेर येतो. तेलाऐवजी पाणी का नाही? निळ्यानंतर काय येते? दोनदा का तापवायची? माझी स्वतःच्या हाताने केलेली पहिली कमान वाकवताच तुटली, कारण ऐन वेळी मी काकांना काहीतरी विचारत होते.

दारामागे एक फळी आहे. त्या गाळ्यात तुटलेली एकही कमान काका फेकत नाहीत. तिचे दोन्ही तुकडे फळीला ठोकतात आणि खाली पांढऱ्या रंगाने कारण लिहितात. तेल गार होतं. भोक काठाला गेलं. फोन आला. माझ्या कमानीखाली त्यांनी एकच शब्द लिहिला: बोलली. तो वाचून पुढे कितीतरी रविवार मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसत असे.

काकांच्या स्वभावाबद्दल इतर लेखक लिहितीलच, म्हणून मी दोनच गोष्टी सांगते. एकदा एक तरुण गृहस्थ मोठ्या ऐटीत गाडीतून आले. त्यांना बटण दाबले की पाते बाहेर उसळणारा चाकू हवा होता. काकांनी त्यांना बसवले, चहा पाजला, आणि सांगितले की माझ्या कमानीचं काम पात्याला धरून ठेवायचं आहे, बाहेर फेकायचं नाही. त्यांनी पुष्कळ आग्रह केला. शेवटी जाताना ते फळे कापायचा चाकू सांगून गेले, आणि आज तेच गृहस्थ आपल्या मंडळाचे सभासद आहेत. दुसरी गोष्ट माझी. मेणावर बारीक कोरकाम करून माझे मनगट दुखू लागले होते. मी कोणाला काही बोलले नव्हते. मी चहाचा कप डाव्या हाताने उचलते आहे, एवढेच काकांनी पाहिले असावे. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्यापुढे जाड मुठीचे एक कोरणे ठेवले आणि पॉलिश पेपर आणायला निघून गेले. ते कोरणे मी आजही वापरते. मला तेव्हा भरून आले होते आणि आभार मानायला समोर माणूस नव्हता.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे आणि ती ग्रंथात यावी, असे काकांनीच मला बजावले आहे.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा काही महिन्यांनी काढायचा होता. दवाखान्यातून घरी आल्या आल्या त्यांनी सुमनकाकूंना विचारले, ही साडी कधी घेतलीस? काकू म्हणाल्या, अहो, थोरल्याच्या लग्नातली आहे, तुम्हीच घेतली होती. काकूंनी हे आम्हाला सांगितले तेव्हा आम्ही खूप हसलो. काका जरा रसिक झाले आहेत, असा मी शेराही मारला. त्यापलीकडे कोणी विचार केला नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्यांनी पुन्हा काम सुरू केले. मनोरीच्या कोळीवाड्यातून बारा चाकूंची मागणी आली होती. बोटीवर दोर कापायला, जाळे सोडवायला त्यांना घडीचे चाकू लागतात. दोन रविवारी मिळून काकांनी बारा कमानी केल्या. दोन्ही वेळा मी शेजारी होते. पहिली कमान त्यांनी वाळूतून उचलली तेव्हा मला वाटले, ही जांभळी आहे. निळ्याच्या अलीकडची. माझा पोटापाण्याचा धंदाच रंग ओळखण्याचा आहे, दोन पांढऱ्यांतला फरक मी रोज ओळखते. पण रंग चढताना बोलायचे नाही. शिवाय समोर चाळीस वर्षे निळा ओळखणारा माणूस, आणि त्यांचा डोळाही आता नवा. मला वाटले, माझेच चुकत असेल. बाराच्या बारा कमानी तशाच निघाल्या. रिवाजाप्रमाणे प्रत्येक कमान वाकवून वाईसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, रात्रभर ठेवली, सकाळी ती सरळ आली. चाकू तयार झाले आणि मनोरीला गेले.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात गेल्या. पुढे महिना-दीड महिन्याने एका रविवारी हरेश्वर गाळ्यात आले. बारा चाकूंची मागणी त्यांच्याचमार्फत आली होती. अंगठ्याला चिंधी बांधलेली. रुमालाची गाठ सोडून त्यांनी चाकू आणि कमानीचे दोन तुकडे टेबलावर ठेवले. म्हणाले, दोर कापत होतो, कमान गेली आणि पाते फिरले, अंगठ्याचे काही नाही, आमचे रोजचेच आहे.

काकांनी तुकडे उचलले. बाहेरची बाजू घासून चकचकीत केलेली असते, पण मुठीत लपणाऱ्या कडेला तापवल्याचा रंग तसाच राहतो. तेल पुसून त्यांनी ती कड खिडकीपाशी धरली. उजवा डोळा मिटून पाहिले, मग डावा मिटून पाहिले. मग मान वर करून भिंतीवरच्या झेंड्याकडे पाहिले, पुन्हा एकेक डोळा मिटून. त्यांचा चेहरा उतरला.

ते हळू आवाजात म्हणाले की झेंडा दोन रंगांचा दिसतो आहे. डाव्या डोळ्याने मळका, उजव्याने कोरा. मोतीबिंदू पिकत जातो तसतसे त्यातून जग पिवळट दिसू लागते आणि निळा मरत जातो. ते इतके सावकाश होते की माणसाला पत्ता लागत नाही. काकांच्या आठवणीतला निळाही त्या डोळ्याबरोबर वर्षानुवर्षे मळत गेला होता. नव्या डोळ्याने जांभळ्यातला निळा असा काही उजळून दिसला की त्यांना तो पुरा निळाच वाटला. काकूंची साडी नवी वाटली ती ह्याच कारणाने. मला हे सगळे त्या क्षणी एकदम समजले.

"काका," मी म्हणाले, "मला तेव्हाच जांभळा दिसला होता."

त्यांनी तुकडे टेबलावर ठेवले. "मग बोलली का नाहीस?"

"रंग चढताना बोलायचं नाही ना. तुम्हीच सांगितलंय."

हरेश्वर आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. ते म्हणाले, "बोलायचं ना ताई. अंगठा माझा होता."

मला फार लाज वाटली. काकांनी हरेश्वरांची हात जोडून माफी मागितली. निघताना त्यांनी मला विचारले की उद्या लॅबमधून सुट्टी मिळेल का.

दुसऱ्या दिवशी आम्ही मार्वेच्या जेट्टीवरून फेरीबोटीने मनोरीला गेलो. काकांच्या पिशवीत बाजारातून आणलेले बारा साधे चाकू होते, आपले परत येईपर्यंत लोकांची अडचण होऊ नये म्हणून. पहिला त्यांनी हरेश्वरांच्या हाती दिला. उरलेली अकरा घरे हरेश्वरांनी दाखवली. बहुतेकांनी चाकू काढून दिले. मासळी वाळत घालणाऱ्या एका आजींनी मात्र साफ नकार दिला. चालतंय ना, मग कशाला नेतोस, असे त्यांचे म्हणणे. काका म्हणाले, आज चालतंय आजी. आजी म्हणाल्या, मग बंद पडल्यावर ने. तेव्हा काका तिथेच ओट्यावर बसले आणि खिशातले दोन तुकडे काढून त्यांनी आजींना सगळी हकीकत सांगितली. जांभळा, निळा, डोळा, साडी, सगळे. आपली चूक त्यांनी अशी काही रंगवून सांगितली की आजूबाजूच्या बायकाही हातातले काम टाकून ऐकायला आल्या. आजींनी चाकू दिला आणि वर मूठभर सुकटही बांधून दिली.

येताना बोटीत काका कठड्याला टेकून उभे होते. चाकूंची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. मी विचारले, ह्या कमानी आता कधी करायच्या?

"मी नाही करणार. डोळा फिरला की सांडशी खाली ठेवायची. आमच्या उस्तादांनी ठेवली, मीही ठेवतो."

डावा डोळा झाल्यावर दोन्ही सारखे होतील, असे मी म्हणून पाहिले. ते म्हणाले, डोळे होतील, पण आठवणीतला निळा आता कोणता धरू? मला रडू आले. वडिलांच्या चाकूमुळे हा माणूस मला मिळाला होता, आणि माझ्या गप्प बसण्याने त्यांचे काम सुटत होते. त्या आठवड्याच्या रविवारी, ऑपरेशनचे दिवस सोडले तर दहा वर्षांत पहिल्यांदा, गाळ्याला कुलूप होते. पुढच्या रविवारीही होते. तिसऱ्या रविवारी मी रिकाम्या व्हरांड्यात तासभर बसून परत आले.

मग एका कामाच्या दिवशी लॅबमध्ये माझ्याच हातातल्या वस्तूकडे माझे लक्ष गेले. दातांचा रंग आम्ही कधीही आठवणीने ठरवत नाही. आमच्याकडे नमुन्यांची एक पट्टी असते, पांढऱ्याच्या निरनिराळ्या छटांचे दात ओळीने लावलेली. ती पेशंटच्या दाताला भिडवून धरायची आणि कोणता नमुना सारखा दिसतो एवढेच पाहायचे. वीस वर्षे मी हे करते आहे आणि त्याच डोळ्यांनी दर रविवारी काकांच्या शेजारी बसते आहे. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला इतका वेळ लागला.

काकांच्याच पोलादाचे तुकडे माझ्याकडे होते. ते काकांच्या पद्धतीने कडक केले, घासले, आणि आमच्या लॅबच्या भट्टीत एकेक तापवला. तिच्यावर अंश मोजता येतात. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा दहा अंश जास्त. पिवळ्यापासून फिक्या निळ्यापर्यंत रंगांची ओळ तयार झाली. प्रत्येकाचे त्याच अंशावर तापवलेले भाऊबंदही केले, तोडून पाहायला. ते सगळे घेऊन मी काकांच्या घरी गेले.

काका आधी ऐकायलाच तयार नव्हते. रंग बघून ओळखायचा असतो, नमुना लावून नाही, असे ते म्हणाले. सुमनकाकू आतून म्हणाल्या की तीन आठवडे तुम्ही खिडकीतून समोरच्या भिंतीचा रंग बघताय, त्यापेक्षा हे बघा. तेव्हा ते उठले. गाळा उघडला. तुकड्यांचे भाऊबंद त्यांनी वाईसमध्ये एकेक करून वाकवले, कोणता तुटतो आणि कोणता वाकडा राहतो ते पाहिले, आणि जो हवा तसा परत आला त्याचा जोडीदार रंगांच्या ओळीतून वेगळा काढला. मग वाळू तापवली. हरेश्वरांच्या चाकूसाठी नवी पट्टी कडक करून ठेवली आणि निवडलेला नमुना तिच्या शेजारी सांडशीत धरला.

रंग चढू लागले. पिवळा, तपकिरी, जांभळा. काका एक डोळा मिटत होते, मग दुसरा.

"गंमत आहे गं," ते म्हणाले. रंग चढताना ते बोलले, हे मी ओढणीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ऐकले. "डावा म्हणतो राखाडी आहे, उजवा म्हणतो निळा आहे. पण दोघंही म्हणतात की हे दोन सारखे आहेत." आणि मग पट्टी वाळूतच ठेवून ते माझ्याकडे वळले. "तू बोल."

"सारखे आहेत," मी म्हणाले. त्यांनी पट्टी उचलली.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा दारामागच्या फळीवर हरेश्वरांच्या तुटक्या कमानीचे दोन तुकडे ठोकलेले होते. माझी खात्री होती की खाली माझे नाव असणार, आणि ते मी मनातल्या मनात कबूलही केले होते. जवळ जाऊन वाचले. पांढऱ्या रंगात काकांचे वळणदार अक्षर होते: विचारलं नाही. सरवदे.

मनोरीचे बाराही चाकू नव्या कमानींसह परत गेले आणि आजतागायत चालू आहेत. आजींनी आपला सगळ्यांत शेवटी घेतला, तोही दहा वेळा उघडमीट करून. काकांचा डावा डोळाही नंतर झाला, आता दोन्हींत झेंडा एकाच रंगाचा दिसतो. तिसरा नियम मात्र बदलला आहे. अजूनही कोणी आपणहून बोलत नाही, पण पट्टी उचलण्याआधी काका गाळ्यातल्या प्रत्येकाला विचारतात. एकदा त्यांनी चहा घेऊन आलेल्या माणसालाही नमुना दाखवून विचारले. तो म्हणाला, जरा थांबा. काका थांबले, आणि ते बरोबर निघाले.

आता मंडळातल्या सर्वांना एक कळकळीची विनंती. डोळे नवे झाल्यापासून काकांच्या मनाने घेतले आहे की मोतीबिंदू पिकत होता त्या सगळ्या वर्षांत केलेल्या कमानी परत मागवायच्या. त्या तुटणार नाहीत, त्यातून कोणाला इजा नाही, फार तर जरा मऊ निघतील. पण मऊ म्हणजे माझंच चुकलेलं, असे ते म्हणतात. त्यांनी वहीत यादी केली आहे आणि ती लांबलचक आहे. आपल्यापैकी अनेकांची नावे तिच्यात आहेत. तर कृपा करून चाकू एकदम नेऊन देऊ नका. एकेक न्या, सावकाश न्या, सणवार बघून न्या. यादी संपेपर्यंत हा माणूस सांडशी खाली ठेवणार नाही, हे मी त्यांना ओळखते म्हणून सांगते. पंचाहत्तरीच्या ह्या प्रसंगी काकांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, त्यांचे दोन्ही डोळे असेच एका मताचे राहोत, सुमनकाकूंची साथ त्यांना अखंड मिळो, ही आपणा सर्वांच्या वतीने मनःपूर्वक इच्छा.

त्या यादीत पहिले नाव माझे आहे. माझ्या वडिलांचा चाकू काकांनी गेल्या महिन्यात दोनदा मागितला, आणि दोन्ही वेळा मी तो घरी विसरले. हे वाचून ते इथे समासात पेन्सिलने काय लिहितील ते मला ठाऊक आहे. खुशाल लिहावे. तो चाकू मी त्यांना त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी देणार आहे.